आधी मॅग्नेशियम बघा

जुलाबाचं मीठ किलोनं घेऊन जाणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. वाठोरे सर. बाकीची गिऱ्हाइकं हे मीठ मागतात ती इकडंतिकडं बघत, आवाज खाली करून. सर भर दुकानात, चार बाया उभ्या असताना, ठणठणीत आवाजात म्हणायचे, "डॉक्टर, एक किलो द्या. मागच्या येळचं संपलं."

मी डॉक्टर न्हाई. सेनगावच्या बसस्टँडसमोर माझं मेडिकल आहे; पण आमच्याकडं औषधाच्या बाटल्यांच्या पुढं जो बसतो तो डॉक्टर, अशी रीतच आहे. दुकानाच्या एका कोपऱ्यात काचेची पेटी उभी करून मी एसटीडी बूथही टाकला होता. म्हणजे गावाची पोटं आणि गावाची बोलणी, दोन्ही माझ्याच हातून जायची. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात काही राहत नाही. आमची सुलोचना म्हणते, "तुमाला काही सांगितलं की दवंडी द्यायचं काम वाचतं." बाई खोटं बोलत नाही.

तर एक किलो मीठ पंधरा दिवसांत संपतं, हे मी गावाला सांगितलं. मला सांगायचं नव्हतं, पण विषय निघाला. आठ दिवसांत उभ्या सेनगावला कळलं की वाठोरे सरांचं पोट साफ होत नाही, आणि दुखणं साधंसुधं नाही, किलोचं आहे. सर आमच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राचार्यांनी त्यांना सकाळी अर्धा तास उशिरा यायची तोंडी परवानगी देऊन टाकली. विहारातल्या बायांनी हरडा कुटून आणून दिला. शेजारच्या टपरीतले रशीदभाई पानवाले तर दुकानात येऊन सांगून गेले, "सर कू बोलो, गरम दूध में एरंडी का तेल. सुबह दुनिया बदल जाती."

सर सगळ्यांचे आभार मानायचे आणि हरडा डब्यात भरून ठेवायचे. शेवटी मीच विचारलं, "सर, आपण घरचेच. नेमकी तकलीफ काय हाय?"

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तकलीफ मला न्हाई, डॉक्टर. पाण्याला हाय. मॅग्नेशियम उतरून राहिलं."

आणि मग ते मला घरी घेऊन गेले.

मी मूळचा हट्टा गावचा. सेनगावात दुकान टाकून तेव्हा वर्षही झालं नव्हतं, त्यामुळं सरांचं घर मी आतून पाहिलं नव्हतं. दुकानामागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं तुळईवर चढवलेला कारल्याचा वेल. दार उघडलं तर समोर, लोक जिथं टीव्ही ठेवतात तिथं, चार फूट लांब काचेची टाकी आणि तिच्यात समुद्र. खराखुरा. दोन केशरी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे. खडकांवर गुलाबी साय चढलेली. आणि मधोमध मुठीएवढा एक दगड, त्यावर सदऱ्याच्या बटनांएवढे हिरवे जीव फुलून डुलत होते. कितीतरी बटनं. हिंगोलीपासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला रात्र मोडावी लागते. आणि इथं सेनगावात, वाठोरे सरांच्या पुढच्या खोलीत, समुद्र हलून राहिला होता.

"ही जी गुलाबी साय दिसते ना," सर म्हणाले, "ती चुना खाती. म्हणून मी रशीदभाईकडून खायचा चुना आणतो. त्याची निवळी टाकीत सोडतो." तरीच! पानाला कधी शिवलेला नाही हा माणूस आणि टपरीवरून नुसता चुना का नेतो, याचं रशीदभाईंना वर्षभर कोडं होतं. त्यांना वाटायचं सर कोणाला तरी लावतात. "पण चुना पाण्यात नीट राहत न्हाई, डॉक्टर. पाण्यातला एक जण, कार्बोनेट नावाचा, त्याला भेटला की दोघं भांडतात अन् पांढरा गाळ होऊन तळाला बसतात. दोघांच्या मधी मॅग्नेशियम उभं असलं तरच शांतता. ते कुणाला काही म्हणत न्हाई. नुसतं मधी उभं राहतं. साडेबाराशेच्या खाली गेलं की संपलं."

"अन् त्यासाठी जुलाबाचं मीठ?"

"ते मॅग्नेशियमच हाय. फवारणीचं बी मिळतं, कापसावर लाल्या पडला की मारतात ते. पण ते मळकं असतं. तुमचं औषधाचं, शुद्ध." सर एकदा कृषी सेवा केंद्रात गेले होते म्हणे. दुकानदारानं विचारलं, लाल्या कोणत्या शिवारात पडला? सर म्हणाले, घरातच. तेव्हापासून दुकानदार त्यांच्याशी जपून बोलतो.

त्या दिवसापासून मी सरांचा माणूस झालो. म्हणजे त्यांनीच मला धरलं.

सरांचं सगळं बोलणं मॅग्नेशियमवर येऊन टेकायचं. एसटी उशिरा आली, आधी मॅग्नेशियम बघा. क्रिकेटमध्ये आपले हरले, "मधल्या फळीत मॅग्नेशियम न्हाई, डॉक्टर." माझं आणि सुलोचनाचं कशावरून तरी वाजलं आणि मी तोंड पाडून बसलो होतो, तर सर दुकानाच्या पायरीवर टेकून म्हणाले, "तुमच्या घरात तुमी चुना. वहिनी कार्बोनेट. मधी कोण हाय?" मी म्हणालो, "मधी माझी सासू हाय." सर विचारात पडले. मग म्हणाले, "ते मॅग्नेशियम न्हाई. ते ॲसिड."

टाकीत घालायचं पाणी ते मुंबईहून आणायचे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ कॅन घेऊन जायचे आणि आठ भरून आणायचे. एकदा परभणीहून येताना मी एसटीत त्यांच्यासोबत होतो. कंडक्टरनं कॅनवर पंचिंगचा चिमटा वाजवला. "यात काय हाय?"

"समुद्र."

"काय?"

"समुद्राचं पाणी."

"काहून?"

"आपल्याकडं न्हाई म्हणून," सर म्हणाले. उत्तर बराबर होतं, पण कंडक्टरला पटलं नाही. त्याला वाटलं कॅनमध्ये गावठी आहे. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून चाखलं आणि खिडकीतून थू थू करत म्हणाला, "खारट हाय की!" सगळी गाडी हसली. मागून एका म्हाताऱ्यानं हात पुढं केला, "मलाबी दाव." मग एका बाईनं आपल्या लेकराला चाखवलं. औंढ्यापर्यंत अर्ध्या गाडीनं समुद्र चाखला आणि सरांनी कोणाला नाही म्हटलं नाही. उतरताना एक कॅन चार बोटं कमी भरला.

पण सरांचा खरा सोहळा रविवारी सकाळी. एका स्टँडवर काचेची उभी नळी, तिला खाली चावी. कॉलेजातल्या मोडीत निघालेल्या सामानातून रीतसर लेखी मागून आणलेली. खाली बशीत टाकीचं पाणी. चिमूटभर काळी भुकटी टाकली की ते पाणी तांबडं व्हायचं. मग सर नळीतून थेंब थेंब औषध सोडायचे आणि पुटपुटायचे, "तांबडं... तांबडं... तांबडं..." आणि एका थेंबाला पाणी झटकन निळं. "निळं!" सर असे ओरडायचे की गल्लीतली कुत्री उठून बसायची. "आपल्याला शेवटी निळ्याचंच पटतं," असं म्हणून स्वतःच हसायचे.

मी विचारलं, "झालं? हे मॅग्नेशियम?"

"न्हाई हो. हे सगळं मिळून. मॅग्नेशियम थेट मोजता येत न्हाई. सगळं मिळून मोजायचं, मग कॅल्शियम वेगळं मोजायचं, अन् ते वजा करायचं. जे उरतं ते मॅग्नेशियम." कागदावर वजाबाकी करून आकड्याखाली दोन रेघा ओढायचे, कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि बरोबर नऊ वाजता माझ्या बूथमध्ये येऊन एक लांबचा नंबर फिरवायचे.

बूथचं दार नीट लागत नव्हतं. लागलं असतं तरी मी ऐकलंच असतं.

"हां. मी. बाराशे त्रेसष्ट." मग शांतता. "हां." परत शांतता. "बरं. ठेवतो."

संपलं. दर रविवारी एवढंच. हालहवाल नाही, पाऊसपाणी नाही. एक आकडा, दोन हां, एक बरं.

आता सांगा, सकाळी नऊ वाजता गुपचूप फोन करून आकडा सांगणारा माणूस काय करत असेल? दुकानाच्या पलीकडं दत्ता पंक्चरवाला बसायचा. त्यानं मला विचारलं, "डॉक्टर, सर कोणता आकडा देऊन राहिले?" मी सांगितला. मला काय माहीत दत्ता मटका खेळतो म्हणून! म्हणजे माहीत होतं, पण ध्यानात नव्हतं. त्यानं शेवटचे दोन आकडे लावले आणि नशीब असं की ते लागले. सोमवारी दत्ता नारळ आणि हार घेऊन सरांच्या दारात.

सरांना वाटलं, विज्ञानाचा सत्कार आहे. ते गहिवरले. दत्ताला आत नेऊन त्यांनी नळी, बशी, भुकटी सगळं दाखवलं आणि म्हणाले, "एक ध्यानात ठेव दत्ता. आकडा आभाळातून पडत न्हाई. मोजून काढावा लागतो." दत्ता बाहेर आला तो घामाघूम. मला म्हणाला, "डॉक्टर, सर मोजून काढतात! आपल्याला उगंच वाटायचं नशिबाचा खेळ हाय!" त्यानंतर तो दर रविवारी नवाच्या आधी हात पुसून माझ्या पायरीवर हजर. पुन्हा कधी लागलं नाही ती गोष्ट वेगळी. पण दत्ताची श्रद्धा ढळली नाही. वीज जायची तेव्हा टाकीला हवा पाहिजे, म्हणून सरांनी जुन्या ट्रकच्या ट्यूबला सलाइनची नळी जोडली होती. त्या ट्यूबा दत्ता हवा भरून द्यायचा, आणि हातपंपानं नाही, कॉम्प्रेसरनं. सलाइनच्या नळ्या माझ्या. चुन्याची निवळीही तसल्याच नळीतून टाकीत पडायची, थेंबाथेंबानं, दिवसभर. टाकी बघितली की वाटायचं, समुद्राला ॲडमिट केलंय.

फोन कोणाला, हे मी शेवटी विचारलंच. "प्रज्ञाला," सर म्हणाले. "माझी लेक. अंदमानात असती. समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करती. तिच्या अभ्यासाला आकडा लागतो." एवढं बोलून जुलाबाचं मीठ उचललं आणि गेले. लेक समुद्राची तज्ज्ञ आणि बापाचं वर्षभरातलं बोलणं पत्रिकेच्या मागं लिहिता येईल एवढं! मला काही ते पटलं नाही. पण त्या दिवशी मी पुढं विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात सर तापानं पडले. टायफॉइड निघाला. ॲडमिट व्हायला तयार नव्हते, कारण टाकी. मी म्हणालो, "टाकी मी बघतो." छाती पुढं काढूनच म्हणालो. सरांनी कागदावर लिहून दिलं: मीठ सकाळी पाच मोठे चमचे, विरघळवून. चुन्याची निवळी, थेंबाथेंबानं, दिवसभर. 'थेंबाथेंबानं'च्या खाली दोन रेघा. मग दत्ताच्या मोटारसायकलवर मधे बसून ते पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात गेले.

दोन दिवस मी नीट केलं. तिसऱ्या दिवशी शनिवार, बाजार, दुकानात ही गर्दी. निवळीची बाटली भरलेली, आणि नळी टप... टप... टप... करून राहिली. मला काही दिवसभर बसायला वेळ नव्हता. आम्हा औषधवाल्यांचा हिशोब सोपा, डोस पोटात गेल्याशी मतलब. मी नळीची चाकी सगळी मोकळी केली आणि बाटली हलवली. तळाचा चुनाही गेला. सगळा.

टाकीचं ताक झालं. पांढरंफटक. मासे दिसेनात, दगड दिसेना. मी हात घालून ढवळलं, तर आणखी दाट झालं. तासाभरानं जरा निवळलं तेव्हा दोन्ही मासे कोपऱ्यात वर तोंड करून उभे, आणि मधल्या दगडावरचं एकूण एक बटन मिटलेलं. मी तिथंच खाली बसलो. गिऱ्हाईक दुकानात ओरडून राहिलं होतं, मी उठलो नाही. मला भीती वाटली. खरीच वाटली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी दवाखान्यात गेलो तर सर उठून बसलेले, पायात चपला घालायचा प्रयत्न चालू. "नऊ वाजून राहिले," म्हणाले आणि उभे राहताच कलंडले. नर्सनं आणि मी मिळून झोपवलं. त्यांनी माझा हात धरला. "डॉक्टर, तुमी करा फोन. आकडा नसला तर ती वाट बघंल. गेल्या रविवारचाच आसपास असंल. नीट मोजता आला तर बघा." मला मोजता येतं कुठं? आणि काय मोजू, ताक?

बूथमध्ये मी पहिल्यांदाच गिऱ्हाइकासारखा आत उभा राहिलो. दार ओढून घेतलं. बाहेर पायरीवर दत्ता कागद-पेन्सिल घेऊन बसलेला. पलीकडं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"मी सेनगावहून मेडिकलवाला बोलून राहिलो, बाई. सर जरा कामात हायेत. आकडा बाराशे सत्तर."

पलीकडून एक मऊ आवाज आला. "काका, बाबा आजारी आहेत का?"

"काहून? न्हाई, न्हाई. बाराशे सत्तर हाय म्हणलं की."

"काका, बाबा कधी शून्यावर संपणारा आकडा देत नाहीत. मोजलेला आकडा असा गोल नसतो. हा अंदाजाचा आहे."

झालं. माझ्या पोटात काही राहत नाही हे मी आधीच सांगितलंय. ताप, दवाखाना, चुना, ताक, मिटलेली बटनं, सगळं ओकलो. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. "ताप किती आहे?" एवढं आधी विचारलं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते दोनदा विचारलं. मग टाकीकडं वळली. "आता काहीच टाकू नका. चुना बंद, मीठ बंद. नुसती हवा चालू ठेवा. दोन-तीन दिवसांत निवळेल. बटनं उघडतील, काका. चिवट असतात ती."

"तुझ्या अभ्यासाचं नुकसान केलं मी, बाई."

"कसला अभ्यास?"

"या आकड्याचा. सर म्हणतात तुझ्या अभ्यासाला लागतो."

ती हसली का रडली, लाइनवर खरखर होती, मला कळलं नाही. "मला तो आकडा कशालाच लागत नाही, काका. मी इथं रोज समुद्रातच असते. टाकी मी एम.एस्सी.ला असताना लावली होती. आई माशांना दाणे टाकायची. मला कॉलेजात नोकरी बाबांनी ठरवून ठेवली होती, मी ती सोडून इकडं आले. तेव्हापासून आम्ही दोघं बोलायचो ते आईच्या मार्फत. 'त्यांना सांग, तिला सांग.' आई गेली तेव्हा इकडं वादळ होतं, बोट चार दिवस बंद. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मी खूप बोलले त्यांना. थांबला का नाहीत म्हणून. मे महिना होता, काका, कसे थांबणार? पण बोलले. निघताना मला चूक झाली म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, बाबा, टाकी सांभाळा. आधी मॅग्नेशियम बघा."

मी बूथच्या काचेला टेकलो.

"तर ते बघतात," ती म्हणाली. "दर रविवारी. आकडा नसला तर बाबा मला फोन कशाला करतील? म्हणून मी लिहून घेते. हे त्यांना सांगू नका हां, काका."

मी सांगणार नाही म्हणालो. मी असं या आधीही पुष्कळांना म्हटलेलं आहे.

दवाखान्यात सर दाराकडंच डोळे लावून होते. "घेतला का लिहून तिनं?"

"घेतला."

"काय म्हणाली?"

"ताप किती हाय म्हणाली."

सरांनी चष्मा काढून उशीखाली ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. "डॉक्टर, मी काय येडा न्हाई. समुद्रात राहणाऱ्या पोरीला माझ्या चार फुटी टाकीचा आकडा कशाला पाहिजे? पण मला लेकीशी बोलता येत न्हाई हो. पोरगी नोकरीला लागल्यापासून सगळं बोलणं तिची आई, गयाच करायची. पोरीला काय पाहिजे ते मला सांगायची, मला काय वाटतं ते पोरीला. दोघांचं ऐकायची, निम्मं गिळायची. मला वाटायचं, नुसती चूल अन् भांडी करती. मॅग्नेशियम थेट दिसत न्हाई म्हणतो ना मी? वजा केल्यावरच कळतं." "वजा झाली तवा कळलं."

मी पाण्याचा पेला पुढं केला.

"आकडा हाय म्हणून मला तिचा आवाज ऐकाया मिळतो. तिला वाटतं मला टाकीचा नाद लागलाय. वाटू द्या. तुमी बोलू नका तिला."

आता माझी अवस्था बघा. उभ्या सेनगावात ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या माझ्याकडं एकाच सकाळी दोन गोष्टी आल्या. दोघांच्या दोन, आणि खरं तर एकच. एकाची दुसऱ्याला सांगितली असती तर मामला तिथंच मिटला असता, असं तुम्ही म्हणाल. मलाही वाटलं. जिभेच्या टोकावर आलं. पण ते दोघं इतक्या जपून चालत होते की मला परत चाकी मोकळी सोडायची छाती झाली नाही. एकदा सोडून बघितली होती. मी पेला धुऊन ठेवला आणि दुकानात आलो. सुलोचनानं विचारलं, "काय म्हणे लेक सरांची?" मी म्हणालो, "काही न्हाई." तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढच्या शुक्रवारी सर घरी आले. टाकी निवळली होती. तळाला पांढरा थर बसलेला त्यांनी वाकून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "डॉक्टर, 'थेंबाथेंबानं'च्या खाली मी दोन रेघा मारल्या होत्या."

"चार माराया पाहिजे होत्या," मी म्हणालो. सर हसले. पण बटनं मिटलेलीच होती, आणि ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसले ते मी निघालो तरी बसलेलेच.

रविवारी नळी लागली. हात अजून कापत होता, म्हणून बशी मी धरली. तांबडं, तांबडं, तांबडं. या खेपेला निळं झालं तेव्हा सर ओरडले नाहीत. वजाबाकी करून आकड्याकडं बघत बसले. मला दिसला तो आकडा. साडेबाराशेच्या पुष्कळ खाली होता. त्यांनी कागदाची घडी केली, काठी घेतली आणि आम्ही दोघं हळूहळू बूथपर्यंत आलो. दत्ता पायरीवर होताच. सर आत गेले. दार नेहमीप्रमाणं लागलं नाही.

"हां. मी."

खिशातून कागद काढला. उघडला. बघितला. किती तरी वेळ बघितला. मग सरांनी तो कागद परत घडी करून खिशात ठेवला आणि घसा साफ केला.

"तू जेवलीस का, बाई?"

सकाळचे नऊ वाजले होते. नऊ वाजता कोण जेवतं? पण पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि ते लांबत गेलं. सर ऐकत होते. मधेच म्हणाले, "न्हाई, आता ताप न्हाई." मग म्हणाले, "कारल्याला लई कारले लागलेत. तुझ्या आईनं लावलेला येल." मग, "व्हय. दोन उघडली सकाळी. हिरवीच हायेत." आणि मग बराच वेळ नुसतंच, "हां, बाई. हां. माझं बी चुकलं. हां."

मी उठलो आणि जन्मात पहिल्यांदा बूथचं ते दार बाहेरून खांद्यानं रेटून नीट लावलं, आणि तिथंच पाठ टेकवून उभा राहिलो, परत उघडू नये म्हणून.

दत्ता पेन्सिल ओली करून वर बघत होता. "डॉक्टर, किती?"

"आज आकडा न्हाई, दत्ता," मी म्हणालो.